आठ परस म्हणजे किती मीटर?

पोस्ट मोठी आहे. चूक माझी आहे, म्हणून सविस्तर लिहितोय. वेळ असेल तेव्हा वाचा.

मागच्या मार्चमधली गोष्ट. रात्री साडेअकराला भाचीचा फोन आला. एवढ्या रात्री फोन म्हटल्यावर पहिले छातीत धस्स झालं.

"मामा, आपल्या विहिरी समुद्रात गेल्या."

मी म्हटलं, "बाई, झोपेत आहेस का?"

झोपेत नव्हती. एम.एस्सी. भूगोलच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पाचा विषय घेतला होता, आमच्या संत्रापट्ट्यातल्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात किती खाली जातं याचा नकाशा. वरूड-मोर्शीचा भाग डार्क झोन म्हणून किती वर्षांपासून बोलला जातो हे इथल्या माणसाला सांगायची गरज नाही. ५६ विहिरींची माहिती गोळा केली होती. त्यातल्या ११ विहिरी मी स्वतः फिरून लिहून दिल्या होत्या, कारण तिची परीक्षा होती आणि मला त्या गावात बातमीसाठी जायचंच होतं. हे ११ लक्षात ठेवा, पुढे कामी येतील.

तर त्या ५६ पैकी अर्ध्याअधिक विहिरी संगणकाच्या नकाशावर गुजरातेत, अलंगच्या पुढे खंभातच्या आखातात जाऊन पडल्या होत्या. जिथं जुनी जहाजं तोडतात ना, त्याच्या बाजूला. आमची संत्री तिथं गेली असती तर भाव तरी बरा मिळाला असता.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हे शिक्षण म्हणजे जीआयएस. नकाशाचं सॉफ्टवेअर. तलाठ्याकडचा नकाशा कागदावर असतो, हा संगणकात असतो आणि त्यातल्या प्रत्येक ठिपक्याच्या मागे माहितीचा तक्ता असतो. विहीर कोणाची, किती खोल, पाणी कधी आटतं, सगळं. क्यूजीआयएस नावाचं सॉफ्टवेअर यासाठी पोरं वापरतात. गॅरी शर्मन नावाच्या माणसानं २००२ मध्ये सुरू केलं, आता जगभरातले लोक मिळून ते चालवतात, आणि ते पूर्ण फुकट आहे. याला शहरी पोरांचा खेळ समजू नका. २४ एप्रिल २०२० ला केंद्रानं स्वामित्व योजना आणली, गावठाणाची ड्रोननं मोजणी सुरू झाली. त्याच्याही आधी आपल्याकडे पुरंदर तालुक्यात सोनोरी गावात हा प्रयोग झाला होता. तुमच्या घराची हद्द आता याच नकाशात बसते. पीक नुकसानीपासून पाणलोटापर्यंत सगळं हळूहळू याच्यावर चाललंय. म्हणजे हे शिकलेली चार पोरं प्रत्येक तालुक्यात पाहिजेत.

आता शिकवतं कोण?

भाचीच्या विभागात जीआयएसचं प्रात्यक्षिक घेणारे एक सर होते. सीएचबीवर. तासिका तत्त्व. जितके तास शिकवले तितके पैसे, दिवाळीत नाही, उन्हाळ्यात नाही, आणि पुढच्या वर्षी बोलावतील का याचा भरवसा नाही. नेट झालेला माणूस. कॉलेजचं नाव मी घेणार नाही, कारण हे एका कॉलेजचं दुखणं नाही. यावर्षी सरांचे तास कमी झाले, मग बंद झाले. सध्या ते एका कृषी केंद्रावर बसतात. खताचं बिल बनवतात.

त्यांच्या जागी पोरांना एक ऑनलाइन सहायक मिळाला. अॅपमध्ये प्रश्न टाइप करायचा, उत्तर येतं. मराठीतही येतं. आवाज बाईचा आहे, म्हणून पोरी त्याला "बॉटताई" म्हणतात.

त्या रात्री मी बॉटताईला पहिल्यांदा काम करताना पाहिलं. भाची व्हिडिओ कॉलवर, तिचा लॅपटॉप माझ्यासमोर. आणि खरं सांगतो, मी चाट पडलो.

भाचीनं विचारलं, माझे ठिपके समुद्रात का गेले? ताईनं उलट विचारलं, आकडे कुठून आणले? मोबाईलच्या अॅपमधून. कोणत्या पद्धतीत? यूटीएम. झोन कोणता? भाची गप्प. तक्त्यात झोनचा रकानाच नव्हता.

मग ताईनं समजावलं. पृथ्वी गोल, कागद सपाट. म्हणून जगाचे सहा-सहा अंशांचे ६० उभे काप केलेत, प्रत्येक कापाला नंबर, आणि प्रत्येक कापातलं मोजमाप नव्यानं सुरू होतं. ७८ रेखांशाच्या पश्चिमेला ४३ नंबर, पूर्वेला ४४. आता गंमत पाहा, हा ७८ रेखांश कुठून जातो? मोर्शीच्या अगदी जवळून. आमच्या अमरावती जिल्ह्याचे त्यानं दोन भाग केले आणि आम्हाला आजवर पत्ता नव्हता! मोबाईलनं वरूडकडच्या विहिरींचे आकडे ४४ च्या हिशोबानं दिले, अलीकडच्यांचे ४३ च्या. भाचीनं सगळेच ४३ समजून टाकले. मग वरूडकडच्या विहिरी बरोबर सहा अंश पश्चिमेला सरकल्या, थेट समुद्रात.

पोरीनं घाईत सगळ्यांना ४४ लावून पाहिलं. वरूडच्या विहिरी घरी आल्या, पण उरलेल्या सहा अंश पूर्वेला पळाल्या, ओडिशात, संबळपूरच्या बाजूला. आम्ही दोघं रात्री साडेबाराला वेड्यासारखे हसत होतो.

पुढचं ताईनं पायरी-पायरीनं करून घेतलं. आधी ठिपके दोन गठ्ठ्यांत वेगळे कर. प्रत्येक गठ्ठ्याला त्याचा खरा झोन सांग. मग दोन्ही गठ्ठे अक्षांश-रेखांशात बदल. मग एकत्र कर. भाची मधेच अडखळली, कारण सॉफ्टवेअरमध्ये दोन सारखी वाटणारी कामं आहेत. एकात नुसतं सांगायचं की हे आकडे अमुक झोनचे आहेत, दुसऱ्यात आकडे खरोखर बदलून घ्यायचे. डब्यावरची चिठ्ठी बदलणं वेगळं आणि डब्यातला माल बदलणं वेगळं. जीआयएस शिकणारं पोरगं पहिल्या वर्षी इथं आपटतंच, असं सर नंतर म्हणाले. ताईनं तोच प्रश्न तीनदा ऐकला आणि तीनदा तितक्याच शांतपणे सांगितलं. पाऊण तासात विहिरी आपापल्या शेतात.

एक गंमतही झाली. ताईच्या मराठीत "फील्ड"चं "शेत" होतं. "तक्त्यातून योग्य शेत निवडा" असं आलं आणि पोरगी दहा मिनिटं तक्त्यात शेत शोधत बसली. तिला हवा होता रकाना.

पण मान्य करायलाच पाहिजे. रात्री एक वाजता कोणता माणूस फोन उचलून हे सांगेल? मागच्या बाकावर बसणारी, वर्गात हात वर करायला लाजणारी खेड्यातली पोरगी ताईला न लाजता दहादा विचारते. मी त्या रात्री झोपताना म्हटलं, सर गेले तरी काही अडत नाही बुवा.

इथं चुकलो.

दोन दिवसांनी नकाशा तयार झाला. ताईच्याच मदतीनं. ५६ ठिपक्यांमधली मोकळी जागासुद्धा रंगानं भरली होती. यासाठी एक रीत आहे, आयडीडब्ल्यू म्हणतात. जिथं मोजलं नाही तिथलं पाणी आजूबाजूच्या विहिरींवरून ठरवायचं, जवळच्या विहिरीला जास्त मान, लांबच्या विहिरीला कमी. सोप्या भाषेत, शेजाऱ्याच्या पाण्यावरून आपलं पाणी. जिथं पाणी खोल तिथं लाल, मधे पिवळा, १० मीटरच्या आत पाणी तिथं हिरवा. एवढा देखणा नकाशा आमच्या जिल्हा पुरवणीत कधी छापला गेला नसेल. मी भाचीला विचारलं, छापू का? ती खूश. तिच्या नावासकट चार कॉलम लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला एका गावच्या सरपंचांचा फोन.

"भाऊ, आमच्या गावात पाणी आहे म्हने?"

मी म्हटलं, काय झालं?

"तुमच्या पेपरात आमचं गाव हिरवंगार आहे ना राजेहो! आम्ही इकडं टँकरचा प्रस्ताव टाकून बसलो. उद्या पाहणीला साहेब आले अन् कोणी हे कात्रण समोर धरलं तर मी काय दाखवू? बायका डोक्यावर हंडे घेऊन तुमच्या घरी आणू का?"

ज्या गावच्या टँकरची बातमी मी सलग तीन उन्हाळे लिहिली, तेच हे गाव. नकाशात ते हिरवं दिसत होतं आणि मला, तिथं बाराशे वेळा गेलेल्या माणसाला, ते खटकलं नव्हतं. रंग बघून भुललो. संगणकातून आलंय म्हणजे बरोबर असेल, असं मनात कुठंतरी धरलं होतं.

चूक शोधायला मी ताईकडे गेलो नाही, कृषी केंद्रावर गेलो. सरांनी नकाशा पाहिला, मग तक्ता मागितला. त्या ११ विहिरींवर बोट ठेवलं. आकडे होते ७, ८, ९, ८.

"हे कोणी लिहिले?"

"मी."

"शेतकऱ्यानं काय सांगितलं होतं? शब्द आठवा."

आठवले. म्हातारा विहिरीच्या काठावर उभा राहून म्हणाला होता, "पानी आठ परस गेलं बापू."

परस म्हणजे पुरुषभर. माणसाच्या उंचीएवढं माप, साडेपाच-सहा फूट धरतात. आमच्याकडची जुनी माणसं विहीर अजून त्यातच सांगतात. मी वहीत लिहिलं "८". भाचीच्या तक्त्यात रकान्याचं नाव होतं मीटर. आठ परस म्हणजे १३ ते १५ मीटर. कागदावर ते झालं आठ मीटर, आणि टँकरचं गाव हिरवं झालं.

माझा पत्रकारितेचा डिप्लोमा झाला तेव्हा पहिल्या महिन्यात आम्हाला घोकून घेतलं होतं, आकडा लिहिला की त्याच्यापुढे एकक लिहायचं. रुपये की टक्के, हेक्टर की एकर. वीस वर्षं दुसऱ्यांच्या बातम्यांत मी हेच तपासतो.

आणि आता सगळ्यात टोचणारी गोष्ट. भाचीनं ताईबरोबरचं जुनं संभाषण उघडून दाखवलं. उत्तराच्या शेवटी एक ओळ होती, "तुमच्या माहितीतील एकके एकसारखी आहेत याची खात्री करा." म्हणजे ताईनं सांगितलं होतं! पण अशी एखादी ओळ तिच्या प्रत्येक उत्तराच्या शेवटी असते. सिनेमाच्या आधी तंबाखूची सूचना येते तशी. आपण तेवढ्यात पॉपकॉर्न शोधतो. सरांनी तसं सांगितलं नाही. त्यांनी ११ आकड्यांवर बोट ठेवलं आणि विचारलं, हे कोणी लिहिले.

सरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात शेजारच्या विहिरीचा भरवसा नसतो. एकीला भेग लागली तर पाणी, शंभर फुटांवरची कोरडी. त्यामुळे शेजाऱ्यावरून रंग भरायची ती रीत इथं जपूनच वापरावी, नुसते ठिपके दाखवले तरी चालतं. ते पोरांना आधी दोन विहिरींवर न्यायचे, वाकून बघायला लावायचे आणि मग संगणकाच्या खोलीत आणायचे. यावर्षीच्या पोरांना कोणी नेलंच नाही.

यानंतर मी या ऑनलाइन सहायकांबद्दल वाचत बसलो. सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकचं. २०१६ च्या जानेवारीत प्रा. अशोक गोयल यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ऑनलाइन वर्गात "जिल वॉटसन" नावाची सहायक आणली. आयबीएमच्या वॉटसनवर बनवलेली. वर्गात सुमारे ३०० पोरं, एका सत्रात १० हजारांच्या आसपास प्रश्न आणि निरोप. जिल हे यंत्र आहे हे पोरांना एप्रिल संपत येईपर्यंत माहीतच नव्हतं. ही गोष्ट सगळे सांगतात. दोन गोष्टी मात्र कोणी सांगत नाही.

एक, ९७ टक्के खात्री असेल तरच जिल उत्तर द्यायची, नाहीतर प्रश्न माणसाकडे.

दोन, माणसं होती! जिलशिवाय आठ सहायक त्या वर्गात काम करत होते. जिल नववी. रोज तेच ते प्रश्न येतात, कधी जमा करायचं, कोणत्या स्वरूपात द्यायचं, ते तिनं उचलावे आणि माणसांना अवघड प्रश्नांसाठी वेळ मिळावा, हा हेतू होता.

आपण काय केलं? नववी आणली आणि आठांची जागा रिकामी ठेवली.

मी बॉटताईच्या विरोधात नाही. ताई राहू द्या. समुद्रात गेलेल्या विहिरी तिनं परत आणल्या, ते माझ्यानं झालं नसतं. समुद्रात गेलेली विहीर दिसते हो, आंधळ्यालाही दिसते. हिरवं झालेलं गाव दिसत नाही. ते दिसायला गावात गेलेला माणूस लागतो, आणि गेलेला माणूससुद्धा माझ्यासारखा झोपलेला असला तर त्याला हलवून विचारणारा दुसरा माणूस लागतो.

त्या रविवारी आम्ही तिघं त्या गावात गेलो. भाची, सर आणि मी. दोराला दगड बांधला, दर मीटरला गाठ मारली आणि ११ विहिरी एकेक करून मोजल्या. तेरा, चौदा, साडेपंधरा. आठ कुठंच नाही. सरांनी गाडीच्या पेट्रोलचेही पैसे घेतले नाहीत. चहा मात्र सरपंचांनी पाजला, म्हणाले, "पानी कमी आहे, चहा घ्या." भाचीनं नवीन तक्त्यात दोन रकाने वाढवले. एक झोनचा. दुसऱ्याचं नाव तिनं ठेवलं "शेतकऱ्याचे शब्द". माणूस जे बोलला ते जसंच्या तसं, पुढच्या रकान्यात मीटर. मला वाटतं तिच्या पूर्ण पदवीत ती यापेक्षा मोठं काही शिकली नसेल, आणि मीसुद्धा.

मोजणीचा कागद सरपंचांकडे दिला. पेपरात खुलासा छापून आला, पाचव्या पानावर चार ओळी. चुकीला चार कॉलम आणि खुलाशाला चार ओळी, हे आमच्या धंद्याचं जुनं माप आहे. म्हणून इथं सविस्तर लिहिलं. त्या गावच्या लोकांची मी जाहीर माफी मागतो.

आता तुमच्यासाठी दोन कामं.

ज्यांच्या घरी भूगोल, कृषी, सिव्हिलची पोरं आहेत त्यांनी त्यांना सांगा, क्यूजीआयएस फुकट आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये त्याचे धडे आहेत. डेहराडूनची इस्रोची आयआयआरएस संस्था २००७ पासून दूरशिक्षणानं हे विषय शिकवते. इस्रोचं भुवन संकेतस्थळ आहे. गावातून हलायची गरज नाही.

आणि जूनमध्ये प्रवेश घ्यायला जाल तेव्हा खिडकीवर एक प्रश्न विचारा. या विभागात मंजूर जागा किती, भरलेल्या किती, आणि प्रात्यक्षिक कोण घेतं? अॅप आहे असं उत्तर आलं तर म्हणा, छान आहे, आता माणूस दाखवा.

सर अजून कृषी केंद्रावरच आहेत. परवा गेलो तेव्हा युरियाच्या पोत्यावर बसून एका पोराला मोबाईलवर झोन ४३ आणि ४४ समजावत होते. तासाचे पैसे कोणी देत नव्हतं.